सासूबाईंनी भाजलेले पंख

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना उमरेडला एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. आई जाऊन काही वर्षं झाली होती आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं गाडी सरळ सक्करदऱ्याला, आमच्या घराकडे आणली. बाबा मागच्या सीटवर छातीशी उशी धरून बसले होते. दर खड्ड्याला उशी घट्ट दाबायचे आणि म्हणायचे, "आठ-पंधरा दिवस राहीन फक्त."

दारात सासूबाई भाकरीचा तुकडा घेऊन उभ्याच होत्या. तो बाबांवरून ओवाळून त्यांनी बाहेर टाकला आणि हळूच मला म्हणाल्या, "पंधरा दिवस म्हणतात तं बरं म्हण. घरात तं येऊ दे त्याईले."

व्याही आणि विहीण म्हणून त्या दोघांचा तोवर संबंध होता तो सणावारापुरताच. आमच्या बोलीत इवाई आणि इहीण. बाबा दिसले की सासूबाई डोक्यावर पदर घ्यायच्या, "बरे आहा ना?" विचारायच्या आणि आत जायच्या. बाबांचा जन्म कोळशाच्या खाणीत फिटर म्हणून गेला. अवजड यंत्रांच्या आवाजात राहून त्यांचे कान अधू झाले होते, त्यामुळे ते साधं पाणी मागायचे तेही ओरडून. सासूबाईंचा आवाज उलट इतका बारीक की शेजारच्या खोलीतून हाक मारली तर आपल्याला भास झाला असं वाटावं. आता ही दोन माणसं दिवसभर एका घरात राहणार होती. मी शाळेत शिकवते, मुलगी माझ्याबरोबरच शाळेला येते, नवरा दुकानात असतो. आम्ही तिघं घराबाहेर पडलो की घरात फक्त ते दोघं.

सासूबाईंबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यांनी जन्मात कधी मांस खाल्लेलं नाही. त्यांच्या माहेरी चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद असायचा. नवरा आणि मी खातो, पण आमचं ते सगळं घराच्या मागच्या पडवीत. तिथं वेगळी शेगडी, वेगळी भांडी, वेगळी विळी. त्यांनी आम्हाला कधी मना केलं नाही, नाकही मुरडलं नाही. फक्त आम्ही पडवीत शिजवत असलो की त्या समोरच्या अंगणात जाऊन बसायच्या.

डॉक्टरांनी बाबांचं तळलेलं सगळं बंद केलं होतं. तेल नावापुरतं, मीठ कमी. मी दुधी, दोडका, मुगाचं वरण असं करून ठेवायचे. बाबा पानावर बसायचे, चार घास खायचे आणि "पोट भरलं" म्हणून उठायचे. घरी आल्यापासून त्यांचे कपडे त्यांच्या अंगावर लोंबायला लागले होते. खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे पाहत बसायचे. डॉक्टर म्हणाले जखम छान भरते आहे, आणि मला दिसत होतं की माणूस मात्र विझत चालला आहे.

"तुझे बाबा जेवत नाहीत वं," सासूबाई एका संध्याकाळी चहा गाळताना म्हणाल्या. "गिळतात. औषध गिळतो ना तसं."

"विचारलं मी. काही नको म्हणतात."

"तुले काय सांगतीन? पोरीले त्रास नको म्हणून काही नाहीच म्हणतीन."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना त्यांनी स्वतः बाबांना विचारलं. हे मला मागाहून बाबांकडूनच कळलं, आणि ते सांगताना त्यांना अजून आश्चर्य वाटत होतं. सासूबाई त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि, बाबांच्या शब्दांत सांगायचं तर, "फॅक्टरीच्या भोंग्यावानी" ओरडल्या, "इवाईबुवा, तुमाले खावंसं काय वाटते?"

बाबा दचकलेच. मग म्हणाले, "कुरकुरीत काही. इथं सगळं मऊ मऊ आहे. दातांले कामच नाही."

सासूबाईंनी लगेच पापड भाजून दिला. बाबांनी तो सगळा खाल्ला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पापड झकास आहे, पण याच्यात मास नाही." म्हटलं आणि ओशाळले. शुद्ध शाकाहारी विहिणीसमोर असं बोलून बसलो याची लाज वाटून दुपारभर खोलीतून बाहेर आले नाहीत.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं की खाणीतली पाळी संपली की उमरेडच्या बसस्टँडजवळच्या एका गाडीवर बाबा मित्रांबरोबर कोंबडीचे तळलेले पंख खायचे. घरी येताना आमच्यासाठीही पुडीत बांधून आणायचे. वरची चामडी अशी कडक की पुडी सोडताना तिचा चुरा पडायचा.

"तळायचं नाही ना?" सासूबाई म्हणाल्या. "मंग भाजू."

"कशात?"

त्यांनी ओट्यावरच्या ओव्हनकडे बोट दाखवलं. तो छोटा ओव्हन म्हणजे त्यांचा जीव होता. नानकटाई, खारी, नातीच्या वाढदिवसाचा केक, सगळं त्या त्यातच करायच्या आणि त्यावर क्रोशाचं झाकण घालून ठेवायच्या. "मागं नेऊन ठेव पडवीत," त्या म्हणाल्या. "आता तिथंच राहीन तो. मले नानकटाई काय, कढईतही करता येते."

आधी मात्र त्यांना डॉक्टरांना विचारायचं होतं. पुढच्या तपासणीला त्या आमच्याबरोबर रामदासपेठेला आल्या. बाबांची पट्टी काढून झाल्यावर, डॉक्टर कागदावर गोळ्या लिहीत असताना, त्या पदर सावरत पुढे झाल्या. "साहेब, कोंबडीचा पंख चामडीसकट भाजला, तेल न घालता, तं यांले चालते का?"

डॉक्टरांनी मान वर केली. नऊवारी नेसलेल्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या त्या बाईंकडे त्यांनी नीट पाहिलं. "तुम्ही करणार का, आजी?"

"करूनच राहिली म्हणा ना."

डॉक्टर हसले. रोज नाही, पण कधीमधी दोन पंख खायला हरकत नाही, त्यातली चरबी गळून जाऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. "अन् जेवणार असतील तर मला आनंदच आहे," ते म्हणाले. बाबांना यातलं अर्धंच ऐकू आलं. परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "त्या काय पंख पंख म्हणत होत्या?"

पहिल्यांदा नवऱ्यानं जे पंख आणले ते सोललेले होते. आपल्याकडे दुकानदार कोंबडी सोलूनच देतो. मीठ-मिरी लावून मी ते ओव्हनमध्ये ठेवले. बाहेर आले ते चपलेच्या टाचेसारखे. बाबा चावून चावून म्हणाले, "मस्त झालं." सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पडवीचा उंबरठा त्यांनी अजून ओलांडला नव्हता. "काही मस्त नाही," त्या मला म्हणाल्या. "आवाजच नाही आला मले. चामडी काहून काढली?"

पुढच्या वेळी नवऱ्यानं दुकानात समोर उभं राहून, गरम पाण्यात पिसं काढून घेऊन चामडीसकट पंख आणले. ते भाजले तर ट्रेमध्ये पाणीच पाणी सुटलं. पंख त्या पाण्यात शिजून निघाले, वरची चामडी फिकट आणि वातड. या वेळी सासूबाई उंबरठा ओलांडून आल्या. वाकून त्यांनी ट्रेमध्ये पाहिलं. "ओलं आहे वं हे. ओली कुरडई तळली तं फुलन का? आधी वाळवावं लागते."

वाळवण हा त्यांचा प्रांत. नागपूरचा उन्हाळा तापला की आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची इतके पापड, सांडगे, कुरडया त्या घालायच्या. पण हे उन्हात कसं वाळवणार? खराब होईल, मांजरं येतील. त्या दिवसभर विचार करत राहिल्या. संध्याकाळी फ्रिज उघडून त्यांनी एक लिंबाची फोड माझ्यासमोर धरली. उघडी राहिल्यानं तिच्या कडा कडक झाल्या होत्या. "पाहा. फ्रिजमध्ये उघडं ठेवलं का सुकतेच."

मग त्यांनी काय केलं असेल? आपल्या फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला. दही, दूध, नैवेद्याचं लोणी, सगळं वर नेलं. खालचा कप्पा पुसला, मधे एक स्टीलचं ताट आडवं लावलं आणि म्हणाल्या, "खाली त्याईचं, वर आपलं. रात्रभर उघडे ठेवजो पंख." ज्या फ्रिजमध्ये त्यांच्या नजरेसमोर आम्ही कधी अंडंसुद्धा ठेवलं नव्हतं त्या फ्रिजमध्ये. मी पंख एकेक करून खालच्या कप्प्यात मांडले.

त्यानं फरक पडला, पण पुरता नाही. मग त्यांना पापडखार आठवला. पापडात घालतो म्हणून तो कडक होतो, तर चामडीलाही लावून पाहू. लावला. मी सवयीनं हळदही लावली होती. पंख बाहेर आले ते विटेसारखे लाल आणि चवीला साबण. बाबांनी एक घास घेतला आणि पहिल्यांदाच खोटं बोलू शकले नाहीत. मला म्हणाले, "माय, हे काय आहे वं?"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "हळदीच्या डागाले साबण लागला का लाल होते ना, तसं झालं हे. हळद अन् खार जमत नाही. खारही जास्त झाला." पुढच्या वेळी त्यांनी केकसाठी आणलेली बेकिंग पावडरची डबी काढून दिली. खाराचंच सौम्य भावंड आहे म्हणाल्या, चिमूटभर पुरते, हळद नको.

मग शाळेत परीक्षा सुरू झाल्या. एके दिवशी नवरा सकाळीच पंख आणून देऊन दुकानात गेला आणि मला शाळेतून यायला उशीर झाला. घरी पोहोचले तर समोरच्या खोलीत कोणी नव्हतं. मागं पडवीत गेले आणि जागीच थांबले.

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. समोर परातीत पंख, मांडीवर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. एकेक पंख उचलून, उलटसुलट करून त्या कापडानं टिपत होत्या. सांध्याची खाच, चामडीची घडी, सगळीकडून. जसं एखादं मूल आंघोळीनंतर पुसावं तसं.

"आई, तुम्ही?"

"ओलंच राहिलं असतं ना. तू येईपर्यंत वास आला असता."

"पण तुम्ही तर कधी—"

"मी काही खाऊन नाही राहिली. माणसाच्या पोटासाठी करून राहिली. देवाले सकाळीच सांगून टाकलं, आज हात लावीन म्हणून. आंघोळ करीन मंग." त्यांनी पुढचा पंख उचलला. बोटांनी तो जरा दुमडला, सरळ केला. "कोपर असते वं याले," त्या म्हणाल्या. "आपल्यासारखं."

परातीतला शेवटचा पंख पुसून होईपर्यंत उठल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर हे करू शकले असते का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला नाही वाटत.

मी वळले तर दारात बाबा उभे होते. केव्हापासून होते कोण जाणे. ते आत गेले, चष्मा लावून परत आले आणि मला म्हणाले, "माय, पेचकस आहे का घरात? अन् पकड?"

"कशाला?"

"या ओव्हनचं दार बरोबर बसून नाही राहिलं. सगळी आच बाहेर जाऊन राहिली. मी रोज पाहून राहिलो."

रोज! म्हणजे आम्हाला वाटत होतं खुर्चीत बसून ते रस्त्याकडे पाहतात, आणि हे तर मधल्या दारातून पडवीकडेही पाहत होते. ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी हातात काही धरलेलं नव्हतं. मी स्क्रू ड्रायव्हर, पकड आणि स्टूल दिलं. त्यांनी दाराची बिजागरी सोडवली, वाकलेली पट्टी पकडीनं हळूहळू सरळ केली, पुन्हा बसवली. दार लावून कडेनं हात फिरवून पाहिला. मग सासूबाईंकडे वळून ओरडले, "इहीणबाई, हा मागच्या बाजूनं जाळते अन् समोर कच्चं ठेवते! ट्रे मधातच फिरवा लागन!"

"बरं! अन् आच?" सासूबाईही ओरडल्या.

"आधी मंद ठेवा, चरबी गळू द्या! मंग कडक!"

"दाणे भाजतो तसं?"

"हो, तसंच!"

त्या दिवसापासून त्या दोघांचं हे ओरडून बोलणं सुरू झालं. जाळी उंच ठेवायची की खाली, मिरी आधी लावायची की मागून. शेजारच्या काकूंनी मला फाटकापाशी गाठून काळजीनं विचारलं, घरात काही भांडण चालू आहे का. मी म्हटलं, नाही हो, स्वयंपाक चालू आहे.

जमलं ते एका रविवारी दुपारी. रात्रभर फ्रिजमध्ये उघडे राहून पंखांची चामडी कागदासारखी कोरडी झाली होती. मीठ, मिरी, चिमूटभर बेकिंग पावडर. पंख जाळीवर एकमेकांना न चिकटता मांडलेले, खाली ट्रे. बाबा घड्याळ घेऊन बसले होते. मध्यावर त्यांनीच ट्रे फिरवायला सांगितला. चरबी टपटप गळायला लागली तसा पडवीत वास भरला आणि त्या वासातही सासूबाई तिथंच उभ्या राहिल्या, अंगणात गेल्या नाहीत. शेवटी आच वाढवली तेव्हा काचेतून चामडी फुगताना, तांबूस होताना दिसली.

बाबांनी पंख उचलला आणि चावला. करर्र असा आवाज थेट दारापर्यंत आला. सासूबाईंनी माझा दंड धरला. बाबांनी दुसरा घास घेतला, तिसरा. भाकरी मागितली. हाडं चोखून स्वच्छ केली. दुसरा पंख घेतला. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "याच्यावर लिंबू पाहिजे होतं थोडंसं. अन् वरून जराशी मिरची."

सासूबाई लगबगीनं लिंबू चिरायला गेल्या. ओट्यापाशी मला म्हणाल्या, "मागितलं वं त्याईनं! लिंबू मागितलं!" डोळे भरून आले होते आणि हसत होत्या. मग ट्रेमध्ये साचलेली चरबी घेऊन त्या बाबांसमोर गेल्या. "हे पाहा इवाईबुवा, एवढं गळून गेलं. डॉक्टरले सांगजा."

गोष्ट नातेवाईकांत पसरायला वेळ लागला नाही. सासूबाईंची धाकटी बहीण, माझी मावससासू, एके दिवशी मुद्दाम आली. चहा होईपर्यंत तिनं दम धरला. मग म्हणाली, "काय वं, या वयात तू बाटली म्हणतात सगळे?"

"मी काही खाल्लं नाही."

"हात तं लावला ना?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज पूर्वीसारखाच बारीक होता, पण एकेक शब्द नीट ऐकू आला. "लावला. तुह्या नवऱ्याच्या दुखण्यात तू आपल्या हातानं काय काय काढलं ते आठवते ना? तेव्हा तुले किळस आली का? हात धुतले अन् पोळ्या लाटल्या. मीही धुतले."

मावशीनं डोळे पुसले. जाण्याआधी म्हणाली, "दाखव तं खरं, कुठं आहे तो ओव्हन."

बाबा पंधरा दिवसांसाठी आले होते ते होळीपर्यंत राहिले. अंग भरलं, सकाळी तलावापर्यंत चालत जाऊ लागले. मग एक दिवस म्हणाले, आता घर बोलावून राहिलं. मी अडवायला लागले तर सासूबाईंनीच मला गप्प केलं. "जाऊ दे त्याईले. धडधाकट माणूस आहे आता." बाबांनी गाडी नको म्हटलं. स्वतः बसमध्ये बसून उमरेडला गेले.

तिथं त्यांनी आमच्यासारखाच ओव्हन आणला. खाणीतले जुने मित्र जमवून महिन्यातल्या एखाद्या रविवारी पंख भाजतात, स्वतः दोनच खातात. भाजण्याआधी सासूबाईंना फोन येतो आणि दोघं इतकं ओरडून बोलतात की फोनची गरज नाही असं नातीला वाटतं.

गेल्या महिन्यात त्यांनी सासूबाईंना जेवायला बोलावलं. त्या कधी उमरेडला गेल्याच नव्हत्या. आम्ही पोहोचलो तर बाबा दारातच उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. आत टेबलावर एक नवा ट्रे होता, अजून दुकानाच्या कागदात गुंडाळलेला. त्यांनी तो सासूबाईंसमोर धरून कागद फाडला. "इहीणबाई, याले काही लागलं नाही. ओव्हनही आठ दिवस बंद होता, सोडा घालून घासला आहे."

त्या ट्रेमध्ये त्यांनी बटाट्याच्या फोडी भाजल्या. फोडी आधी फडक्यानं कोरड्या केल्या होत्या. सासूबाई जेवल्या. दोनदा वाढून घेतलं. बाबा समोर हात बांधून बसले होते आणि त्यांच्या पानात काय कमी पडतं ते पाहत होते.

परतताना बसमध्ये खिडकीपाशी बसून सासूबाई म्हणाल्या, "मीठ कमी होतं वं फोडीत."

"मग सांगितलं काहून नाही?"

त्यांनी पदर कानावरून ओढून घेतला, वारा लागत होता. "त्याईले डॉक्टरनं मीठ कमी सांगितलं. ते रोज तसंच खातात ना एकटे. आज मीही खाल्लं, तं काय झालं?"